‘कमांडो’ : शिलेदाराचे नाव, बारगिराचा अर्थ

लखनौच्या लष्करी छावणीत भारतीय सेनेच्या मध्य विभागाचे मुख्यालय आहे. हिंदीत या विभागाला ‘मध्य कमान’ म्हणतात. मराठी वाचकाला ‘कमान’ म्हटले की त्याच शहरातील रूमी दरवाजा आठवेल. कारण मराठीत कमान म्हणजे फारसीतून आलेले धनुष्य आणि त्या आकाराचे बांधकाम. हिंदीतील लष्करी ‘कमान’ मात्र इंग्रजी ‘कमांड’चे देशी रूप आहे. परक्या शब्दाला ओळखीच्या फारसी शब्दाचा पेहराव मिळाला आणि तो रुळला. याच लखनौत राज्य पोलिसांच्या दहशतवादविरोधी पथकाचे मुख्यालयही आहे. ७ मार्च २०१७ रोजी शहराच्या ठाकूरगंज भागातील एका घराला या पथकाच्या कमांडोंनी वेढा घातला आणि सुमारे बारा तासांच्या कारवाईनंतर आत असलेला सशस्त्र संशयित मारला गेला. लष्करी ‘कमान’ आणि ‘कमांडो’ एकाच लॅटिन मुळाचे वंशज आहेत. पहिला शब्द इंग्रजीतून सरळ आला. दुसरा पोर्तुगीजांकडून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला गेला, तेथील डच शेतकऱ्यांच्या तोंडी घडला आणि मग इंग्रजीच्या वाटेने भारतात उतरला.

मराठीत आज ‘कमांडो’ म्हणजे खास निवडलेला, कठोर शिक्षण दिलेला, सरकारने उत्तमोत्तम शस्त्रांनी सज्ज केलेला एकेकटा जवान. शब्दाच्या मूळ घरी यातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट उलट होती. तेथे कमांडो हा माणूस नव्हता, जमाव होता. तो निवडलेला नव्हता, गावाने बोलावलेला होता. आणि त्याचा घोडा सरकारी नव्हता. मराठ्यांच्या लष्करी परिभाषेत हा फरक दोन शब्दांत सांगता येतो. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. सरकारी पागेतील घोड्यावर बसणारा तो बारगीर. ‘कमांडो’ या शब्दाची कथा म्हणजे शिलेदाराचे नाव बारगिराला कसे मिळाले, याची कथा आहे.

पोर्तुगीज ‘कोमांदो’ म्हणजे हुकूम, अधिकार, आणि त्या अधिकाराखाली असलेली तुकडी. पोर्तुगीजांचा कोकणाशी संबंध सोळाव्या शतकापासूनचा. पगार, चावी, बटाटा, काजू, मेस्त्री हे शब्द मराठीने त्यांच्याकडून थेट घेतले. गोवा आणि वसई इतकी जवळ असूनही ‘कोमांदो’ मात्र या वाटेने मराठीत रुजला नाही. तो केपमधल्या डच वसाहतीत रुजला. डच कंपनीने १६५२ मध्ये केपला ठाणे घातले. पुढे वसाहतीची सीमा आत सरकत गेली आणि कंपनीच्या पगारी शिपायांना ती राखणे जमेनासे झाले, तेव्हा शेतकऱ्यांनीच हत्यार घेऊन एकत्र येण्याची प्रथा पडली. त्या जमावाला आणि त्याच्या मोहिमेलाही ‘कोमांदो’ म्हणू लागले. तेथील डच बोलीला आफ्रिकान्स हे नाव आणि स्वतंत्र भाषेचा दर्जा बराच नंतर मिळाला. दक्षिण आफ्रिकेची अधिकृत भाषा म्हणून तिला मान्यता मिळाली ती १९२५ मध्ये. दीर्घकाळ ती दरबाराची किंवा चर्चची भाषा नव्हती. ती घरातली, गोठ्यातली, बैलगाडीच्या तांड्यातली बोली होती. याच बोलीतून आलेला ‘ट्रेक’ हा शब्द मुळात बैलांनी गाडी ओढण्याचा, बिऱ्हाड हलवण्याचा. मराठीत तो राजगड-तोरण्याच्या वाटेवर पाठपिशवी घेऊन चालणाऱ्यांचा झाला. एकाच घरातून निघालेल्या या दोन शब्दांपैकी एक सह्याद्रीत मौजेचा झाला, दुसरा दराऱ्याचा.

या प्रथेची पहिली बाजू काळी आहे आणि ती झाकून चालणार नाही. केपच्या सीमेवरील कमांडो प्रामुख्याने निघत ते सॅन आणि खोई या मूळ रहिवाशांविरुद्ध. शिकारीची भूमी आणि पाणवठे गेल्यावर सॅन लोक गुरे पळवीत. त्याला उत्तर म्हणून कमांडो निघे. १७७४ मध्ये कंपनीच्या संमतीने सुमारे २५० जणांचा मोठा कमांडो निघाला. त्यात ५०० हून अधिक सॅन मारले गेले आणि दोनशेंवर, मुख्यतः बायकामुले, पकडून शेतकऱ्यांत वाटली गेली. या २५० जणांत गोऱ्यांपेक्षा खोई आणि मिश्रवंशीय लोकच अधिक होते. मुलखाच्या वाटा ठाऊक असलेल्या माणसाला त्याच मुलखातील माणसावर घालणे हा प्रकार शब्दाच्या जन्मापासून त्याला चिकटलेला आहे.

एकोणिसाव्या शतकात बोअरांनी ट्रान्सवाल आणि ऑरेंज फ्री स्टेट ही प्रजासत्ताके स्थापली तेव्हा कमांडो हीच त्यांची फौज झाली. खडी फौज जवळजवळ नव्हतीच. तोफखाना आणि थोडे पोलीस, एवढेच. बाकी सोळा ते साठ वर्षांचा प्रत्येक गोरा नागरिक बोलावणे येताच घोडा, खोगीर, बंदूक, तीस काडतुसे आणि आठ दिवसांची शिदोरी घेऊन हजर व्हायचा. जिल्ह्याचा एक कमांडो; त्यावर कमांडंट, त्याखाली फेल्डकॉर्नेट. हे अधिकारी वरून नेमले जात नसत, माणसेच त्यांना निवडत. युद्धसभेत मतदान होई, आणि सेनापतीचा बेत पटला नाही तर घोडे वळवून घरी जाणारेही निघत. ‘नागरिक’ म्हणजे गोरा नागरिक, हे मात्र विसरता येत नाही. बोअराच्या मागे घोडा सांभाळणारा, स्वयंपाक करणारा, प्रसंगी बंदूकही चालवणारा एक काळा नोकर असे. त्याला ‘मागचा स्वार’ अशा अर्थाचा शब्द होता. अशी हजारो माणसे युद्धात होती. पण कमांडोच्या यादीत त्यांची गणती होत नसे.

शिलेदारीचे गुणदोष मराठ्यांना परिचित होते. सभासदाच्या बखरीवरून दिसते की शिवाजी महाराजांनी पागेला बळ दिले आणि शिलेदारांना पागेच्या तंत्राने ठेवले. कारण उघड आहे. ज्याचा घोडा त्याचा निर्णय. असा माणूस मनापासून लढतो, पण तो केव्हा घरी जाईल हे राज्याच्या हाती राहत नाही. बोअर सेनापतींनाही हीच डोकेदुखी होती. एक गंमतीची गोष्ट अशी, की मराठीत ‘शिलेदार’ शब्दाचे नशीबही उलटेच निघाले. राजकीय बातम्यांत आज ‘अमक्याचे शिलेदार’ म्हणजे त्याचे एकनिष्ठ हस्तक. स्वतःच्या घोड्याचा मागमूसही उरलेला नाही.

ब्रिटिश साम्राज्य आणि ही दोन प्रजासत्ताके यांच्यात ११ ऑक्टोबर १८९९ रोजी युद्ध सुरू झाले. १९०० च्या जानेवारीत ब्रिटिशांची सूत्रे हाती घ्यायला केपटाऊनला उतरले ते लॉर्ड रॉबर्ट्स. त्यांची कारकीर्द घडली होती भारतात. नोव्हेंबर १८५७ मध्ये लखनौच्या वेढ्यातील रेसिडेन्सीची सुटका करण्यासाठी कॉलिन कॅम्पबेल चालून गेले, तेव्हा मेस हाऊसच्या बुरुजावर निशाण चढवणारा तरुण अधिकारी म्हणजे हेच रॉबर्ट्स. मार्च १८५८ मध्ये लखनौ आणि जूनमध्ये ग्वाल्हेर पडले; पण युद्ध संपले नाही. येवल्याचे तात्या टोपे एप्रिल १८५९ पर्यंत मध्य भारतात, नर्मदेच्या अलीकडे-पलीकडे, एका मागोमाग एक फलटणींना हुलकावण्या देत राहिले. शहरे घेतली म्हणजे देश घेतला असे होत नाही, हा त्या वर्षाचा धडा होता. रॉबर्ट्स यांनी ५ जून १९०० रोजी प्रिटोरिया घेतले आणि वर्षअखेर युद्ध संपले असे समजून ते मायदेशी परतले. युद्ध त्यानंतर दीड वर्ष चालले. राजधानी गमावलेले कमांडो आता खरे हलके झाले होते. गाड्या टाकून, पाचपन्नास-शेदोनशे घोडेस्वारांच्या टोळ्यांनी ते रेल्वे उखडत, रसद मारत आणि विरून जात. त्यांना आवरायला साम्राज्याने एकूण साडेचार लाखांच्या आसपास फौज ओतली, हजारो शेते-घरे जाळली आणि बायकामुलांना छावण्यांत कोंडले. तेथे सव्वीस हजारांवर बोअर बायकामुले मेली. काळ्यांच्या वेगळ्या छावण्यांत किमान चौदा हजार. मराठीतील ‘छळछावणी’मागची कल्पनाही याच युद्धाने जगाला परिचित केली.

कमांडोतील खरीखुरी माणसे महाराष्ट्रात येऊन राहिली, ती याच काळात. पकडलेल्या बोअरांना आफ्रिकेत ठेवणे धोक्याचे वाटल्याने त्यांना सेंट हेलेना, श्रीलंका, बर्म्युडा आणि भारत येथे पाठवले गेले. भारतात आलेल्या कैद्यांची संख्या सुमारे ९,००० होती. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), सातारा, बेळ्ळारी, त्रिचनापल्ली, अंबाला, सियालकोट, अमृतसरचा गोविंदगड अशा ठिकाणी त्यांच्या छावण्या होत्या. लखनौच्या वायव्येस शाहजहानपूर येथेही एक होती. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपासून साठी उलटलेल्या आजोबांपर्यंत सगळे त्यांत होते, कारण कमांडोची भरतीच तशी होती. ३१ मे १९०२ रोजी तह झाल्यावर ब्रिटिश राजाशी एकनिष्ठेची शपथ घेणाऱ्यास घरी जाता येणार होते. काहींनी दीर्घकाळ ती शपथ नाकारली.

या माणसांचे नाव त्या काळी मराठीत ‘बोअर’ हेच राहिले. त्यांच्या युद्धपद्धतीला नाव लागत होते, पण ते मराठीत आधीच तयार होते : गनिमी कावा. बोअर युद्धाकडे पाहणाऱ्या मराठी माणसाला ओळख पटली ती या शब्दातून. त्याला ‘कमांडो’ उसना घेण्याची गरजच पडली नाही. वस्तू आली, शब्द आला नाही. पुढे शब्द आला तेव्हा वस्तू बदलून गेली होती.

त्या युद्धाशी मराठी आणि हिंदी माणसांचा प्रत्यक्ष संबंधही आला. नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे वैद्यकीय पथकातून दक्षिण आफ्रिकेला गेले होते. त्यांनीच १९३७ मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढले. गांधींनी सुमारे ११०० हिंदी माणसांचे शुश्रूषापथक उभारले. मनाने बोअरांकडे झुकत असूनही ब्रिटिश प्रजेचे कर्तव्य म्हणून आपण हे केले, असे त्यांनी पुढे लिहिले. १९०१-०२ मध्ये केप वसाहतीत कमांडो घेऊन घुसलेला यान स्मट्स हाच नंतर गांधींचा प्रतिपक्षी झाला, आणि १९१४ मध्ये समझोता झाला तो याच दोघांत. डिसेंबर १९१६ मध्ये लखनौच्या काँग्रेस अधिवेशनात टिळक आणि गांधी एका मंडपात होते. त्याच वेळी स्मट्स पूर्व आफ्रिकेत ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांचे नेतृत्व करीत होता. लखनौत ज्या शब्दांनी चर्चा झाली ते होते स्वराज्य, मतदारसंघ, करार.  बोअर सेनानी साम्राज्याचा सेनापती होऊ शकला, हेच शब्दाच्या पुढच्या प्रवासाचे चिन्ह होते.

ते वळण १९४० च्या जूनमध्ये आले. डंकर्कहून माघार घेतलेल्या ब्रिटनला शत्रूच्या किनाऱ्यावर छोटे छापे घालणाऱ्या तुकड्या हव्या होत्या. ही योजना मांडणारा अधिकारी डडली क्लार्क. त्याचा जन्म १८९९ मध्ये जोहान्सबर्गचा. आपल्या सैन्याला दमवणाऱ्या बोअरांचे नाव त्याने या तुकड्यांना सुचवले. पंतप्रधान चर्चिल यांना ते रुचले यात नवल नाही. नोव्हेंबर १८९९ मध्ये बोअरांनी त्यांना चिलखती आगगाडीवरील हल्ल्यात पकडले होते. स्मट्सच्या कमांडोत लढलेल्या डेनिस राइट्झ याचे ‘कमांडो’ हे आत्मकथन १९२९ मध्ये प्रसिद्ध होऊन इंग्रजी वाचकांत गाजलेही होते. शत्रूचा पराभव करून त्याची ढाल घरात टांगावी, तसा हा शब्द साम्राज्याने घेतला. पण घेताना त्यातले दोन गुण गळले. नवे कमांडो सरकारचे पगारी सैनिक होते आणि त्यांचे अधिकारी नेमलेले होते. शिलेदार बारगीर झाला तो येथे.

समूहाचे नाव एकट्याला लागले तेही याच युद्धात. आरंभी ‘नंबर ३ कमांडो’ म्हणजे तिसरी तुकडी. तीतला माणूस तो ‘कमांडो सैनिक’. बातमीदारांनी आणि लोकांनी त्यातला ‘सैनिक’ गाळला. हा बदल मराठी माणसाला चमत्कारिक वाटू नये. ‘स्वारी’ या शब्दाने तोच प्रवास फार आधी केला आहे. स्वारी म्हणजे घोडदळाची मोहीम. ‘सुरतेची स्वारी’ म्हणतो तेव्हा तोच अर्थ. आणि ‘स्वारी आज घरी नाही वाटतं?’ असे विचारले जाते तेव्हा ती एकच व्यक्ती असते, बहुधा घोड्यावर कधी न बसलेली. आफ्रिकान्समध्ये ‘कमांडोवर जाणे’ म्हणजे अगदी ‘स्वारीवर जाणे’. इंग्रजी बोलीत याच्याशी मिळताजुळता दिसणारा एक वाक्प्रचार आहे, अंतर्वस्त्र न घालता वावरणे या अर्थाचा. तो १९७० च्या दशकातील अमेरिकी महाविद्यालयांतला. ‘फ्रेंड्स’ या मालिकेच्या १९९६ मधील एका भागाने तो जगभर नेला आणि इंग्रजी बोलणाऱ्या मराठी तरुणांनाही तो ठाऊक झाला. बोअरांशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह व्यर्थ आहे. त्यामागचा कमांडो हा बोअर शेतकरी नसून आधुनिक सैनिक आहे.

भारतात नव्या अर्थाचे कमांडो आले ते १९४४ मध्ये. ब्रिटिश कमांडो तुकड्या मुंबईत उतरल्या, पुण्याजवळ केडगावच्या छावणीत राहिल्या आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेल्या. १९६५ च्या युद्धातील मेजर मेघसिंग यांच्या ‘मेघदूत’ दलाच्या अनुभवावरून पुढच्या वर्षी भारतीय सेनेत पॅरा कमांडो पलटण उभी राहिली. बेळगावचे कमांडो प्रशिक्षण केंद्र तर मराठी भाषकांच्या अगदी शेजारचे. तरी सामान्य बोलीत हा शब्द शिरला तो १९८४ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा दल स्थापन झाल्यावर, काळ्या गणवेशाच्या रूपाने. लोकांना तो गणवेश रणांगणावर फारसा दिसला नाही, पुढाऱ्यांच्या मागेपुढे दिसला. त्यामुळे ‘त्याच्याभोवती कमांडो असतात’ या वाक्यात धाकाइतकीच कुचेष्टाही येऊ लागली. १९८८ चा मिथुन चक्रवर्तीचा ‘कमांडो’ हा हिंदी चित्रपट आणि तशा इतर चित्रपटांनी उरलेले काम केले. नोव्हेंबर २००८ मध्ये नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून दोरीने उतरणारे जवान घराघरांतील पडद्यावर दिसले, तेव्हा कुचेष्टा गेली आणि शब्दाला पुन्हा वजन आले.

व्याकरणाने या शब्दाला मराठीत एक सोय दिली. ओकारान्त परका पुल्लिंगी शब्द असल्याने ‘फोटो’प्रमाणे तो एकवचनात आणि अनेकवचनात सारखाच राहतो. ‘कमांडो आला’, ‘कमांडो आले’; संख्या सांगते ती क्रियापद. वृत्तपत्री ‘कमांडोज’ हे इंग्रजी अनेकवचन त्यामुळे अनावश्यक ठरते. पण ते वापरले जाते यावरून एक गोष्ट कळते : लिहिणाऱ्याच्या मनात समूह हा एकेकट्या माणसांची बेरीज आहे. मूळ बोलीत शेकडो माणसे मिळून एकच कमांडो होत असे.

जुन्या अर्थाच्या सर्वांत जवळ जाणारा उपयोग आज महाराष्ट्रातच आढळतो. गडचिरोली पोलिसांचे ‘सी-६०’ दल १९९० मध्ये उभे राहिले ते साठ जणांच्या तुकडीने. नक्षलवाद्यांशी लढणाऱ्या या दलात जवान घेतले गेले ते त्याच जिल्ह्यातले, बहुतांश आदिवासी, गोंडी आणि माडिया बोलणारे, जंगलातल्या वाटा लहानपणापासून पायाखाली घातलेले. जिल्ह्याची माणसे, जिल्ह्याची तुकडी आणि मुलखाची जाण, हे सारे बोअरांच्या व्यवस्थेची आठवण करून देते. पण शस्त्र, वेतन आणि हुकूम सरकारचे आहेत. समोरच्या नक्षल दलमांतही गोंड आणि माडिया मुलेमुली भरती झालेली होती. सतराशे चौऱ्याहत्तरच्या त्या मोठ्या कमांडोतील खोई स्वारांची येथे आठवण होते. दोन्ही प्रसंग सारखे आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल : तेथे जमिनीवर आक्रमण करणारे शेतकरी होते, येथे घटनेने बांधलेले राज्य आहे आणि त्याला नाकारणारी सशस्त्र संघटना. तरीही शेजारच्या गावचा मुलगा समोर येण्याची शक्यता दोहोंत एकच आहे, आणि तिचे ओझे शब्दावर नव्हे, त्या जवानावर पडते.

कोशकारांपुढे मात्र एक साधा प्रश्न आहे. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती निघाली १८५७ मध्ये, लखनौच्या वेढ्याच्या वर्षी. तीत शिलेदार आणि बारगीर दोघेही नांदतात. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३८ मध्ये पुरा झाला, म्हणजे ‘कमांडो’ने अर्थ बदलण्याच्या दोन वर्षे आधी. पुढच्या कोशात या शब्दापुढे केवळ ‘इंग्रजी’ अशी खूण करून भागणार नाही. पोर्तुगीज, केप-डच, आफ्रिकान्स आणि इंग्रजी असा क्रम द्यावा लागेल. ‘विशेष प्रशिक्षित जवान’ या अर्थाच्या आधी, कालक्रमाने पहिला म्हणून, ‘स्वतःच्या घोड्या-हत्यारानिशी जमणारी नागरिकांची तुकडी’ हा अर्थ नोंदवावा लागेल, आणि त्याशेजारी ‘शिलेदार पाहा’ असा निर्देश.